विहीणबाई खुर्चीत बसल्या तो दिवस

लिही पोरी, ही गोष्ट माझ्या विहीणबाईंची. म्हणजे तुझ्या आईच्या आईची. तुला त्या आजी, तुझ्या आईला आई, मला विहीणबाई आणि मोठ्या दवाखान्यातल्या समस्त जनतेला चाकमावशी. बारशाला ठेवलेलं नाव पगाराच्या कागदावर तेवढं होतं, तिथेच राहिलं बिचारं.

चाकमावशी का, तर एकतीस वर्षं त्यांनी त्या दवाखान्यात चाकाची खुर्ची ढकलली. सकाळी सातला हजर. फाटकापासून तपासणीच्या खोलीत, तिथून हाडांचे फोटो काढतात त्या खोलीत, तिथून रक्त द्यायला, परत फाटकाशी. कोणाचा पाय मोडलेला, कोणाला धाप, कोणी पोटुशी. तू म्हणशील त्यात काय एवढं, ढकलायचंच तर असतं. असं त्यांच्यासमोर म्हणून बघ! लिफ्टमध्ये खुर्ची उलटी ओढत न्यायची, म्हणजे पुढची बारकी चाकं फटीत अडकत नाहीत आणि माणसाचं तोंड दाराकडे राहतं, भिंतीकडे नाही. मोठ्या उतारावरही उलटंच उतरायचं, नाहीतर माणूस पुढे घरंगळतो. वळायच्या आधी सांगायचं, "आता डावीकडे वळतेय हं." शालीचं टोक, ओढणी, जे काही लोंबतंय ते आधी मांडीवर घ्यायला लावायचं. आणि माणसाच्या डोक्यावरून दुसऱ्याशी गप्पा मारायच्या नाहीत. "तो काय भाजीची टोपली आहे का," म्हणायच्या.

तुझ्या आईबाबांचं ठरलं तेव्हा त्या पहिल्यांदा आमच्या घरी आल्या. मी दार उघडलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "पासष्ट किलो. आणि डावा पाय बाहेर टाकता."

मी म्हटलं, "बसा तरी आधी. वजन-माप नंतर करू."

"सवय हो," म्हणाल्या. "माणूस दिसलं की हात आपोआप अंदाज घेतात, किती जोर लावावा लागेल त्याचा."

मी स्वयंपाकघरात जाऊन तुझ्या आजोबांना म्हटलं, मुलगी चांगली आहे, पण ही बाई मला झेपायची नाही. आजोबा म्हणाले, तुला तिच्याशी थोडंच लग्न करायचंय. झालं. आणि पुढे काय झालं? आजोबा गेल्यावर मला रोज संध्याकाळी खाली ओट्यावर बोलावून बसवणारी कोण, तर हीच बाई.

आता दवाखान्यातली एक गोष्ट नीट लिही, कारण पुढे तिच्यावरच सगळं आहे. तिथे वाट सगळे त्यांना विचारायचे. पेशंट विचारायचे, पेशंटची माणसं विचारायची, नवे डॉक्टरसुद्धा विचारायचे. अमुक विभाग कुठे, तमुक खिडकी कुठे. त्या चालता चालता, मान न वळवता सांगायच्या. "सरळ, डावीकडे उतार, दुसरं दार." एकतीस वर्षांत त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. आणि याचा त्यांना भारी तोरा. मला तर पाट्या वाचता येत नाहीत, मी बाजारातही दहा जणांना विचारत जाते. त्यावरून त्या मला चिडवायच्या, "तुम्ही स्वतःच्या घरी जातानाही शेजारणीला विचारत असाल."

तर त्या निवृत्त झाल्या, सहा-सात वर्षं बरी गेली, आणि उजवा गुडघा धरला. आधी कुरकुरला, मग सुजला, मग असा झाला की गंजलेलं बिजागर. आपले तीन मजले त्या चढेनात. मग ओट्यावरून मला हाक मारायच्या आणि मी खाली जायची. नंतर ओट्यापर्यंतही येईनात. मग मी त्यांच्या घरी जायची. माणूस कसं आकसत जातं बघ, आधी गाव, मग गल्ली, मग खोली.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा बदलायला हवा. मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी दिली. चार महिने थांबल्यावर तारीख मिळाली. बुधवार, सकाळी दहा. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, म्हणजे तुझ्या आईने वाचून दाखवलं, की पंधरा मिनिटांपेक्षा उशीर झाला तर नाव कटेल आणि नवी तारीख मिळेल. नवी तारीख म्हणजे अजून पाच महिने. आणि नाक्यावरचे डॉक्टर म्हणाले होते, पाच महिन्यांत पाय वाकडा होईल, मग ऑपरेशन करून तरी चालता येईल की नाही सांगता येत नाही.

हे विहीणबाईंनी पोरांना सांगितलं नव्हतं. मला सांगितलं. पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, मला बाकी कशाची भीती नाही. पण मी उरलेलं आयुष्य त्या खुर्चीत बसून काढणार नाही. मी ढकलणारी बाई आहे."

मी म्हटलं, "कोण बसवतंय तुम्हाला? बुधवारी जा, दाखवा, तारीख घ्या."

"जाईनच. आणि एकटी जाईन. मला कोणी सोबत नको. माझंच घर आहे ते."

मंगळवारी तुझी आई माझ्याजवळ आली. म्हणाली, "आई, तुम्ही जा ना बरोबर. माझ्या दादाला रजा नाही, मला रजा नाही, आणि ती कोणाला येऊ देत नाही. पण मी पाठवलंय असं सांगू नका. सांगा, तुम्हालाच काहीतरी दाखवायचंय."

बुधवारी आठ वाजता मी त्यांच्या दारात उभी. त्या तयार होत्या, केस चापूनचोपून, हातात काठी.

"मी पण येते," मी म्हटलं. "मला कान दाखवायचेत."

"काय झालंय कानांना?"

"कमी ऐकू येतं."

"माझ्या पोरीने फुंकलेत तेवढंच झालंय त्यांना," त्या म्हणाल्या. "चला. पण मध्ये मध्ये लोकांना वाट विचारत बसाल तर तिथेच सोडून येईन."

मोठ्या दवाखान्याला दोन बस जातात. एक पुढच्या फाटकाशी थांबते, एक मागच्या. विहीणबाईंनी मागची धरली. का, तर कामाला जायच्या तेव्हा तीच धरायच्या. बसची पायरी उंच, त्यांनी आधी काठी वर टाकली, मग दांडा पकडला, मग डावा पाय, आणि मग उजव्याला असं काही ओढून घेतलं की जसं हट्टी पोराला शाळेत ओढतात. कंडक्टर म्हणाला, "सावकाश आजी, बस तुमचीच आहे." त्या म्हणाल्या, "मग एवढी उंच कशाला केलीत?"

मागच्या फाटकाशी पहारेकरी नवा होता. म्हणाला, "पेशंटचं फाटक पुढे आहे."

"मी स्टाफ आहे."

"कधीच्या?"

"तू पाळण्यात होतास तेव्हाच्या. हो बाजूला."

तो झाला बाजूला. त्यांच्यापुढे कोणीही होतो.

आत गेलो ते धुलाईखान्याच्या बाजूने. मोठमोठ्या टोपल्यांत चादरींचे ढीग, गरम वाफ, फिनेलचा वास. मग दवाखान्याचं स्वयंपाकघर, एवढाली पातेली, कोणीतरी झाकणं आपटतंय. विहीणबाईंचा चेहरा उजळला होता. दर चार पावलांवर थांबायच्या, भिंतीला हात लावायच्या, पण थांबले असं दाखवायच्या नाहीत. थांबलं की काहीतरी सांगायच्या. "इथे एकदा एक बाई खुर्चीतच बाळंत झाली." मग चार पावलं. "या कोपऱ्यात मोठ्या साहेबांची चप्पल तुटली होती."

मग एक मोठी मोकळी जागा आली, चार बाजूंनी चार वाटा. मध्ये खांब. तिथे मात्र त्यांचा गुडघा बोलला. खांबाला टेकून त्या उभ्या राहिल्या, ओठ घट्ट मिटून. घड्याळात साडेनऊ व्हायला आलेले. घड्याळ मला कळतं, त्याला अक्षरं लागत नाहीत.

"बसू या का?" मी म्हटलं.

"गरज नाही. वेळ आहे भरपूर."

आणि बघ हं, आता गंमत. वर चारी बाजूंना नव्या चकचकीत पाट्या टांगलेल्या. मी विचारलं, "त्यावर काय लिहिलंय?" त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "पाट्या नवख्यांसाठी असतात." लोक येत होते, पाट्यांकडे माना वर करून बघत होते, काही उमगत नव्हतं, आणि मग त्यांची नजर खाली यायची ती थेट विहीणबाईंवर. का कोण जाणे! काठी घेतलेली म्हातारी, पण खांबाशी अशी उभी, की जणू दवाखाना तिनेच बांधलाय.

एक जाडसर गृहस्थ आला, हात प्लास्टरमध्ये, बायको चार पावलं पुढे. "मावशी, हाडांचा विभाग?"

"सरळ, डावीकडे उतार, दुसरं दार."

मग एक मुलगी, मानेला पट्टा. तिलाही तेच. मग एक आजोबा दोन काठ्या घेऊन. मग एक पाय गुंडाळलेला तरुण, मित्राच्या खांद्यावर हात टाकून लंगडत. "सरळ, डावीकडे उतार, दुसरं दार." विहीणबाईंचा गुडघा दुखायचाच थांबला. गालावर लाली आली. मला म्हणाल्या, "बघितलंत? अजून मलाच विचारतात."

मी म्हटलं, "बघितलं. आता आपणही जाऊ या का त्या दुसऱ्या दारात?"

गेलो. सरळ, डावीकडे उतार. त्या उतारावर त्यांनी माझा खांदा धरला. दुसरं दार उघडंच होतं. आत बघतो तर काय, मोडक्या खाटा! भिंतीला लावून रचलेल्या. एक रंगारी उकिडवा बसून एका खाटेच्या पायाला रंग लावतोय. त्याने वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. रंगाचा हात, कपाळही पांढरं झालं.

"तुम्हीपण? अहो आज आहे काय? आत्ताच चार जण येऊन गेले. कोण म्हणे एक मावशी खांबाशी उभी राहून सगळ्यांना इकडे पाठवतेय!"

मी विहीणबाईंकडे बघितलं. विहीणबाईंनी खाटांकडे बघितलं.

"हाडांचा विभाग..." त्या म्हणाल्या.

"तो जाऊन दोन वर्षं झाली. नवी इमारत, तिसरा मजला. बाहेरून वळसा घालून जावं लागतं."

"मग ते चार जण कुठे गेले?"

"मला काय माहीत. मी म्हटलं, बाहेर विचारा."

पोरी, विहीणबाईंनी मागे वळून दारं मोजली. दुसरंच होतं. नऊ चाळीस झालेले. त्या वळायला गेल्या आणि गुडघ्याने दगा दिला. रंगाऱ्याने धरलं म्हणून बरं, नाहीतर रंगाच्या डब्यात बसल्या असत्या. त्यांनी पाय टेकवून बघितला, दोनदा, तीनदा. नाही. पाय आपला नव्हताच.

रंगारी म्हणाला, "ती खुर्ची घ्या. दुरुस्तीला आलीय, पण चालते. डावीकडे ओढते जरा."

कोपऱ्यात चाकाची खुर्ची होती. मी ओढून आणली.

"बसा."

"नाही."

"विहीणबाई, बसा."

"मी सांगितलंय तुम्हाला. मी त्यात बसणार नाही."

आता मी तशी भांडखोर नाही, तुला माहीत आहे. हसू नकोस. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आता अर्धा तास बसायचं की जन्मभर बसायचं, ते ठरवा. मी काही पाच महिन्यांनी परत कान दाखवायला येणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, वाटलं काठीच घालतात. मग शाल गोळा करून मांडीवर घेतली. आणि बसल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "आधी ब्रेक लावायचा असतो, मग माणसाला बसवायचं. मारलं असतंत मला."

मी ढकलायला लागले. ओढते कसली, ती खुर्ची डाव्या भिंतीच्या प्रेमातच पडली होती. चढाला लागलो तर विहीणबाई चालू, "हातांनी नको, अंगाने ढकला. पाठ वाकवू नका. अहो हळू, मी काय पाट्याचा दगड आहे? वळताना सांगा!"

"उजवीकडे वळतेय हं."

"वळायच्या आधी सांगायचं, वळून झाल्यावर नाही."

आणि मी काय केलं असेल? जे मला येतं तेच. विचारत सुटले. झाडूवालीला विचारलं, नर्सला विचारलं, चहाची किटली घेऊन जाणाऱ्याला विचारलं. एकाने सांगितलं की दहा पावलांवर दुसऱ्याला विचारायचं, खात्री करायला. विहीणबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडावर शाल घेतली.

"किती विचाराल? चार लोक ओळखतात मला इथे."

"तुम्ही सकाळपासून सांगितलंत तेवढं पुरे झालं. आता मला विचारू द्या."

 थोड्या वेळाने शालीतून आवाज आला, "विहीणबाई, इथून सगळ्यांची पोटंच दिसतात हो."

"काय?"

"पोटं, पट्टे आणि पिशव्या. तोंड कोणाचं दिसतच नाही. एवढ्या लोकांना मी नेलं, एकाने सांगितलं नाही मला."

नव्या इमारतीची लिफ्ट आली. मी सरळ घुसवणार तोच त्यांनी हात वर केला. फिरवली, उलटी ओढली, माझा स्वतःचा पाय चाकाखाली आला, पण त्यांचं तोंड दाराकडे राहिलं. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा भिंतीवर दहाला दहा कमी होते. मी वेळेत आणलं होतं. घामाने डबडबलेली, चप्पल एकच पायात. दुसरी खाली लिफ्टच्या दाराशी राहिली होती.

हाडांचा विभाग म्हणजे लांबलचक खोली, निळ्या खुर्च्या. आणि सगळ्या रिकाम्या! खिडकीशी एक मुलगी बसलेली, पुढे कागद, हातात पेन्सिल. आणि डॉक्टरीणबाई दारात कमरेवर हात ठेवून. छोटीशी बाई, पण मनगटं बघितलीस तर सुताराची.

"आज आहे काय?" त्या पेन्सिलवालीला म्हणत होत्या. "बुधवारी पाच नवी नावं असतात, त्यांतली चार गायब? साडेनऊपासून मी माशा मारतेय."

"सगळ्यांना पंधरा मिनिटांच्या वर उशीर झाला मॅडम. काट मारू?" मग तिला आम्ही दिसलो. "या, या! दहाच्या ना तुम्ही? थेट आत चला."

मला इतका आनंद झाला, मी खुर्ची अशी रेटली की बस. आणि खुर्ची जागची हलेना. विहीणबाईंनी ब्रेक लावला होता. दोन्ही.

"काट मारू नका," त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्या चौघांवर काट मारू नका. ते वेळेवर आले होते. मी त्यांना चुकीच्या दारात पाठवलं." आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं. खांब, उतार, खाटा, सगळं. चोरानेसुद्धा इतक्या भराभर कबूल केलं नसतं.

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. मग घड्याळ बघितलं. "आजी, अकराला मी ऑपरेशनला वर जाते. गेले की गेले. अकराच्या आत जे येतील त्यांना मी बघेन, काट मारणार नाही. पण तुम्ही तरी आत या. गुडघ्याच्या नव्या पेशंटला अर्धा तास लागतो."

"म्हणजे मी आत गेले तर त्यांना अर्धाच तास उरतो. ते आधीचे. त्यांचं आधी."

मी त्यांच्या कानात म्हटलं, "वेड लागलंय का तुम्हाला? गुडघ्यासाठी चार महिने थांबलात. पाच महिने अजून थांबणार?"

"तेही थांबलेच असतील ना कुठून कुठून." आणि माझ्याकडे न बघता पेन्सिलवालीला म्हणाल्या, "मुली, तो फोन इकडे दे. मामांच्या खोलीचा नंबर तोच आहे ना अजून?"

मामा म्हणजे खुर्च्या आणि स्ट्रेचर ढकलणारे पुरुष, तिथे सगळे त्यांना मामाच म्हणतात. फोनवर लंबूमामा निघाला, विहीणबाईंबरोबर वीस वर्षं काम केलेला. ही बोलायला लागली आणि तो नुसता हो, हो.

"ऐक. चार जण हरवलेत. पहिला नव्वद किलो, उजवा हात गळ्यात, बायको पुढे चालते. ती दमली असेल, म्हणजे चहाजवळ बघ. दुसरी पन्नास किलोची मुलगी, मानेला पट्टा. तिला बाजूला बघताच येत नाही, ती नाकासमोर गेली असणार, रक्त घेतात तिथे भिंत लागेपर्यंत. तिसरे आजोबा, दोन काठ्या, पंचावन्न किलो. ते कुठल्या तरी रांगेत उभे असतील. रांग दिसली की त्या वयाचा माणूस उभा राहतोच, औषधाच्या खिडकीशी बघ. चौथा लंगडा पोरगा, मित्र बरोबर. ते दोघं कोणाला विचारणार नाहीत, जिन्यात बसून मोबाइल बघत असतील. दोन खुर्च्या घेऊन जा, आणि आजोबांना उलटा उतरव उतारावर."

फोन ठेवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते येईपर्यंत तरी आत या, पण चौघं दिसल्याशिवाय ही बाई ब्रेक काढायला तयार नाही. 

पंधरा मिनिटं गेली. मला वाटलं सगळं बुडालं. मग लिफ्ट वाजली आणि लंबूमामा बाहेर, आधी तो, मग त्याच्या मागून ओढलेली खुर्ची, त्यात आजोबा, हातात कुणाच्या तरी खोकल्याच्या औषधाची बाटली. रांगेत उभे राहून घेऊनच आले होते! मागून प्लास्टरवाला, त्याची बायको, पट्टेवाली, लंगडा, त्याचा मित्र. सगळी वरात.

प्लास्टरवाल्याच्या बायकोने विहीणबाईंना बघितलं आणि बोट रोखलं. "हीच! हीच ती बाई! अहो, मला एवढं फिरवलंत!"

"चुकलं माझं," विहीणबाई म्हणाल्या. खुर्चीतून हात जोडले.

"आम्हाला वाटलं तुम्ही इथल्याच."

"मलाही तेच वाटलं होतं."

 ती बाई बसली शेजारी आणि स्वतःच्या गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगायला लागली.

चौघं एकामागून एक आत गेले. मी घड्याळाकडे बघत होते, विहीणबाई जमिनीकडे. शेवटचा लंगडा बाहेर आला तेव्हा अकराला बारा मिनिटं होती. पेन्सिलवाली म्हणाली, "मॅडम, अजून फोटो काढायचाय. त्यालाच वीस मिनिटं जातात. आजींना तारीख देऊ का?"

विहीणबाईंचा हात काठीवर घट्ट झाला. मी बघितला.

डॉक्टरीणबाईंनी नुसतं विचारलं, "जमेल?"

"फोटोला वीस मिनिटं पेशंटला कळत नाही म्हणून लागतात," विहीणबाई म्हणाल्या. "मला कळतं."

शेजारीच खोली. तो फोटोवाला 'आजी, असं करा' म्हणायच्या आत ही बाई टेबलावर आडवी, उशी गुडघ्याखाली, पाय बरोबर त्या कोनात. "आता कूस बदलते. हं, घ्या." हजारदा लोकांना झोपवलं होतं त्यांनी तशा टेबलावर. चार मिनिटांत फोटो हातात. बाहेर आलो तर डॉक्टरीणबाई टोपी घालून लिफ्टशी उभ्या.

"चला माझ्याबरोबर," म्हणाल्या. "पाचव्या मजल्यापर्यंत जेवढं होईल तेवढं."

आणि तपासणी लिफ्टमध्ये झाली, बाई! मी खुर्ची उलटी ओढली, एका झटक्यात, पाय न चिरडता. डॉक्टरीणबाई गुडघ्यावर बसल्या, पाय हातात घेतला. "वाकवा. सरळ. इथे दुखतं?" "इथे नाही, वर. हं, तिथे, अगं आई गं!" फोटो दिव्याकडे धरला. पाचवा मजला आला, दार उघडलं, तर त्यांनी पायाने दार अडवून ठेवलं आणि अजून एकदा वाकवून बघितलं. बाहेर हिरव्या कपड्यातली चार माणसं ताटकळत उभी.

"होईल," त्या म्हणाल्या. "पण उशीर नको. पुढच्या महिन्यातला दुसरा सोमवार. उपाशीपोटी या."

"लिहून द्या," विहीणबाई म्हणाल्या.

भिंतीला कागद टेकवून त्यांनी लिहून दिलं, आणि गेल्या. दार मिटलं. मग विहीणबाईंनी तो कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, "वाचा."

"मला कुठे येतं वाचता!"

"माझ्या डोळ्यांत पाणी आहे हो, मला दिसत नाही. जा, कोणाला तरी विचारा ना."

मी विचारलं. तिसऱ्या मजल्यावर एकाला, खाली आल्यावर दुसऱ्याला, चप्पल शोधताना तिसऱ्याला. तिघांनीही दुसरा सोमवारच सांगितला.

तुझ्या आईला संध्याकाळी सांगितलं तर ती आधी रागावली, मग हसली, मग मला म्हणाली, "आणि तुमचे कान?"

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी उभं केलं, तर ज्या नर्सने धरलं होतं तिला या शिकवत होत्या कसं धरायचं. दीड महिना चालायची ती चौकट घेऊन फिरल्या, मग काठी, आणि काल, तू शाळेत होतीस तेव्हा, मला जिन्यातून आवाज आला. काठीचा नाही, पावलांचा. एक पाऊल, थांबा. एक पाऊल, थांबा. मी कठड्यावरून वाकून बघितलं तर पहिल्या मजल्यावर त्या.

"येऊ का खाली, धरायला?"

"तिथेच थांबा! मध्ये याल तर परत खालून सुरुवात करीन."

मी थांबले. तुझी आई पण बाहेर आली, दोघी कठड्याला लटकलो. चोपन्न पायऱ्या. मी कधी मोजल्या नव्हत्या, काल मोजल्या. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी श्वास घेतला, वर बघितलं, आमची दोन डोकी बघून म्हणाल्या, "काय बघताय? पाणी तरी ठेवा." तुझी आई पळाली आत. शेवटची पायरी चढल्या, दाराच्या चौकटीला हात लावला, आणि दोन वर्षांनी आपल्या उंबऱ्यातून आत आल्या. सोफ्यावर नाही बसल्या. उभ्याच राहिल्या, अख्खं पाणी उभ्याने प्याल्या.

मी म्हटलं, "बसा की आता."

"बसते. माझं मला वाटेल तेव्हा."

पूर्ण घर फिरल्या आधी. स्वयंपाकघर, तुझी खोली, गॅलरी. मग तुझ्या खाटेवर टेकल्या. आणि हो, ते चार जण लिहिलंयस ना, चुकलेले? विहीणबाई सगळ्यांना दोनच सांगतात. तू चारच ठेव.